खारवेसची जागल : प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा एक गोष्टीचा खेळ मी रचतेय. त्याचं फेब्रुवारीपासूनचं सगळं लिखाण आज सलग वाचून काढलं. खारवेस नावाचं शहर, त्याची राखण करणारं निवडक शिकाऱ्यांचं पथक, आणि ३४ भयंकर प्राणी. पथकाचा झेंडा तयार आहे, शपथ तयार आहे, अंगरख्याचा रंगसुद्धा ठरलाय. वाचताना मात्र एक गोष्ट सारखी खटकत राहिली. हे पथक उचलून दुसऱ्या कुठल्याही काल्पनिक शहरात नेऊन ठेवलं तरी एक ओळ बदलावी लागणार नाही. रात्री नेमकं काय येतं, कुठून येतं, वर्षातून किती वेळा येतं, यातलं मी काहीच ठरवलेलं नव्हतं. शिकारी आधी घडवले आणि मग त्यांच्यासाठी शिकार शोधत बसले.

म्हणून ३३ प्राणी आज वेगळ्या फाइलीत काढून ठेवले. उरला एकटा गाळवा. खाडीच्या गाळात राहतो, भरतीच्या पाण्याबरोबर नाल्यांतून शहरात शिरतो. यापुढे पथकाबद्दल जे ठरेल ते गाळव्यावरून ठरेल.

शब्दाचाही घोळ होता. मी कुठे ‘राक्षस’ लिहिलं होतं, कुठे ‘पिशाच्च’, कुठे ‘दैत्य’. आपल्या भाषेत हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. राक्षस बोलतो, त्याला कुळ असतं, वर मिळालेला असतो. त्याच्याशी युद्ध होतं आणि तहही होतो. पिशाच्च आधी माणूस होतं. माग काढता येतो तो फक्त श्वापदाचा. गाळवा श्वापद आहे. त्याला भूक आहे, कपट नाही. हे एक ठरल्यावर पथकाचं ‘रक्तखड्ग संघ’ हे नाव आपोआप गळून पडलं. नवं नाव ‘जागल’. रात्री पिकाच्या राखणीला जागं राहायचं, त्याला जागल करणं म्हणतात. या शब्दात राखण आहे, मारणं नाही, आणि मला तेच हवं आहे. पथकातला माणूस जागल्या, बाई असेल तर जागली.

१२ जून

भरतीचं गणित मांडायला बसले आणि अख्खी संध्याकाळ त्यात गेली. गेली ते बरंच झालं.

अमावास्या आणि पौर्णिमा, दोन्ही वेळी सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि उधाणाची भरती चढते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी कमी चढतं. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणजे रोज भरतीची वेळ ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. पंधरवड्यात हे सरकणं बारा तासांएवढं होतं. त्याचा अर्थ असा की एखाद्या बंदरात उधाणाची भरती दर वेळी घड्याळाच्या जवळपास त्याच वेळी येते. मी पहिल्या खर्ड्यात उधाण कधी संध्याकाळी, कधी पहाटे, प्रसंगाच्या सोयीनं आणलं होतं. ते सगळं चूक होतं, काढून टाकलं.

खारवेसमध्ये उधाणाची भरती मध्यरात्री आणि भर दुपारी येते, असं ठरवलं. दुपारी गाळवा वर येत नाही, उन्हात त्याची कातडी सुकते. पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र डोक्यावर असतो, ओला गाळ चमकतो आणि हालचाल लांबून दिसते. धोका उरतो तो अमावास्येचा. वर्षात १२ किंवा १३ अमावास्या. प्रत्येकीच्या सुमारास तीन रात्री धरल्या, तर वर्षाच्या ३६५ रात्रींपैकी ३६ ते ३९ रात्रीच खऱ्या जोखमीच्या. त्यातही मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान असतात त्या सुमाराला उधाण सगळ्यात मोठं. शहराच्या वर्षाला आता उतार-चढ आला. कुठल्या महिन्यात आई मुलांना अंधार पडायच्या आत घरात घेते, हे मला आज पहिल्यांदा कळलं.

१६ जून

गाळवा खातो किती?

वाघाचा हिशोब समोर ठेवला. एका वाघाला वर्षाला हरणाएवढी साधारण ५० जनावरं लागतात, आणि त्याच्या खाण्यानं जंगल ओसाड पडू नये यासाठी तिथे अशी ५०० तरी असावी लागतात. गाळवा उष्ण रक्ताचा आणि वाघाएवढा केला, तर माझी खाडी दहा गाळवेसुद्धा पोसू शकणार नाही. मग तो मगरीसारखा थंड रक्ताचा केला. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानानं अशा जनावराला अन्न सुमारे एक दशांशच लागतं, आणि ते महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतं. आता खाडीत ४० प्रौढ गाळवे सुखानं राहतील आणि शहराला त्यांचा पत्ताही लागणार नाही.

या एका निर्णयानं बाकीचं किती ठरलं! थंडीत गाळवा सुस्तावतो. मगरीसारखीच त्याची झेप भयानक, पण दम थोडा. काही मिनिटांच्या झटापटीत तो थकतो. म्हणजे जागल्याचं पहिलं कसब वार करण्याचं नाही, पहिली झेप चुकवून उभं राहण्याचं आहे. त्याची पिल्लं वयात यायला वर्षं लागतात, तेव्हा वर्षाला चारापेक्षा जास्त गाळवे मारले तर एका पिढीत खाडी रिकामी होईल.

वर्षाला चार! माझ्या जुन्या मसुद्यात २०० तलवारबाज होते.

मग तो शहरात येतो तरी कशाला? इथे खऱ्या नरभक्षकांच्या हकिकती कामाला आल्या. चंपावतची वाघीण, ४३६ बळी. जिम कॉर्बेटनं तिला १९०७ मध्ये मारलं, तेव्हा तिचे उजवीकडचे वरचे-खालचे सुळे मोडलेले आढळले, जुन्या गोळीची ती जखम होती. नेहमीची शिकार तिला जमेनाशी झाली होती. केनियात त्साव्होला १८९८ मध्ये रेल्वेपुलाचं काम थांबवणाऱ्या दोन सिंहांपैकी एकाच्या दातालाही मोठी इजा होती. त्या सिंहांनी १३५ माणसं मारल्याचं त्यांना मारणाऱ्या पॅटरसननं सांगितलं होतं. पुढे २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांच्या हाडांच्या आणि केसांच्या तपासणीवरून काढलेला अंदाज ३५च्या आसपासचा होता.

यावरून गाळव्याचा नियम सुचला आणि तो लिहिताना माझ्या अंगावर काटा आला. धडधाकट गाळवा मासे खातो, पाणपक्षी खातो, गाळ सोडत नाही. माणसावर येतो तो जखमी गाळवा. आणि खारवेसच्या खाडीत गाळव्याला जखमी करणारं आहे कोण? जागल्यांशिवाय कोणी नाही. अर्धवट बसलेला घाव पाण्यात पळून जातो आणि पुढच्या अमावास्येला नाल्यातून परत येतो. जागलीचं पहिलं वचन आता असं आहे : अर्धा घाव घालणार नाही.

जुनी शपथ चौदा ओळींची होती. ती पुसली.

२३ जून

जागल्यांना पैसे कोण देणार, कशाबद्दल देणार? दर शेपटीमागे बक्षीस, असं लिहून ठेवलं होतं. १९०२ चं हनोई आठवलं आणि ते खोडलं. प्लेगच्या भीतीनं तिथल्या फ्रेंच सरकारनं उंदरांवर इनाम लावलं, पुरावा म्हणून शेपटी आणायची. थोड्याच दिवसांत शहरात बिनशेपटीचे जिवंत उंदीर फिरताना दिसू लागले, आणि शेपट्यांसाठी उंदीर पाळले जात असल्याचंही उघडकीला आलं. खारवेसमध्ये शेपटीमागे इनाम ठेवलं, तर कोणी ना कोणी गाळव्याची अंडी जपून ठेवीलच. त्यामुळे जागल्याला वेतन महिन्याचं, गाळवा मेला तरी तेवढंच, नाही मेला तरी तेवढंच.

दुसरा प्रश्न याहून अवघड. वर्षानुवर्षं कोणी आलंच नाही तर शहर हे वेतन देत राहील का? याला एक खरं उदाहरण सापडलं आणि ते मला फार आवडलं. फ्रान्समध्ये लांडग्यांच्या शिकारीसाठी अधिकारी नेमायची पद्धत सम्राट शार्लमेनच्या काळात, ९व्या शतकाच्या सुरुवातीला पडली. तिला लुव्हतेरी म्हणतात. क्रांतीच्या आधी ती मोडीत निघाली होती, नेपोलियननं पुन्हा उभी केली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधले लांडगे संपले, अधिकारी मात्र राहिले. आणि १९९२ मध्ये इटलीच्या बाजूनं आलेले लांडगे मर्कांतूरच्या डोंगरात पुन्हा दिसले. आज हे अधिकारी विनावेतन काम करतात. ज्याचा माग काढायचा तो प्राणीच उरलेला नसताना माणसांच्या किती पिढ्यांनी ते पद सांभाळलं!

खारवेसच्या इतिहासात मी आता ६० वर्षांचा एक रिकामा काळ घातलाय. खाडीत गाळवा दिसला नाही अशी ६० वर्षं. आजच्या जागल्यांचे गुरू त्या काळात तयार झाले. त्यांनी आयुष्यात एकही गाळवा पाहिलेला नाही.

३० जून

आज दिवसभर जेवोदां. दक्षिण फ्रान्सचा डोंगराळ मुलूख, १७६४ ते १७६७. एक जनावर, किंवा एकाहून जास्त, गुरं राखणाऱ्या बायका-मुलांवर तुटून पडत होतं. बळींचा आकडा शंभराच्या आसपास सांगतात. ‘निवडक शिकारी’ ही माझ्या पथकाची कल्पना या एका हकिकतीवर घासून पाहायची होती.

आधी आले कॅप्टन द्युआमेलचे घोडेस्वार सैनिक. रान उठवलं, हाकारे घातले, हाती काही लागलं नाही. मग नॉर्मंडीहून नामांकित लांडगेमार बापलेक आले, तेही हात हलवत परतले. मग राजानं स्वतःच्या पदरचा फ्रान्स्वा आंत्वान पाठवला. त्यानं सप्टेंबर १७६५ मध्ये एक भलामोठा लांडगा मारला. तो पेंढा भरून व्हर्सायला नेला, आंत्वानचा सत्कार झाला, दरबारापुरता विषय मिटला. डिसेंबरमध्ये हल्ले पुन्हा सुरू झाले. शेवटी १९ जून १७६७ रोजी जाँ शास्तेल नावाच्या तिथल्याच माणसानं एक जनावर मारलं आणि त्यानंतर हल्ले थांबले.

पण माझं लक्ष अडकून राहिलं ते दुसऱ्याच दोघांवर. १२ जानेवारी १७६५ रोजी जाक पोर्तफे नावाच्या साधारण बारा वर्षांच्या पोरानं आपल्या सवंगड्यांना एकत्र धरून ठेवलं आणि काठ्यांना बांधलेल्या पात्यांनी त्या जनावराला हुसकावून लावलं. आणि त्याच वर्षी ११ ऑगस्टला मारी-जान व्हाले ही तरुण मुलगी ओढा ओलांडत असताना जनावर तिच्या अंगावर आलं. तिनं आपला भाला त्याच्या छातीत मारला. तिच्याकडे राजाचं फर्मान नव्हतं. तिला ओढा माहीत होता, आणि तीन महिन्यांसाठी आलेल्या कुठल्याही सरदारापेक्षा चांगला माहीत होता.

म्हणून जागलीत येण्याची अट बदलली. घराणं नाही, तलवारबाजीची परीक्षा नाही. उमेदवारानं सात नाल्यांपैकी एका नाल्याच्या काठी एक वर्ष काढायचं आणि वर्षाअखेरीस डोळे बांधून, पाण्याच्या आवाजावरून भरती कुठवर चढली ते सांगायचं. जमलं तर जागल्या. निवडक ते हे असे.

३ जुलै

हत्यारं झटपट उरकली. तलवार बाद. रानडुकराच्या शिकारीच्या भाल्याला पात्याखाली आडवी दांडी असते. ती नसेल तर भोसकलेलं डुक्कर दांड्यावरून तसंच पुढे सरकत शिकाऱ्यापर्यंत पोहोचतं. गाळव्यासाठी तोच आडदांडीचा भाला, जरा लांब. बचनागाचं विष लावलेल्या बाणांचा विचार केला आणि सोडला. विष चढेपर्यंत जनावर पाण्यात निघून जाईल, म्हणजे पुन्हा अर्धाच घाव.

७ जुलै

रचनेसाठी मध्ययुगातले लढाऊ ख्रिस्ती धर्मसंघ वाचले. हॉस्पिटलर संघ १३१० च्या सुमारापासून १५२२ पर्यंत ऱ्होड्स शहर राखून होता. त्यांनी तट वाटून घेतला होता : संघातल्या लोकांच्या भाषांप्रमाणे गट आणि प्रत्येक गटाकडे तटाचा आपापला भाग. हे मी तसंच उचललं. खारवेसच्या तटाखालून सात नाले खाडीत उतरतात, म्हणून जागलीची सात ठाणी. प्रत्येक ठाण्यात सहा जागले. एकूण ४२ माणसं. दोनशेवरून बेचाळिसांवर आले आणि पथक मला पहिल्यांदा खरं वाटलं, कारण आता प्रत्येकाला नाव देता येईल.

टेंपलर संघाच्या नियमांत एक कलम सापडलं, ते वाचून मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. ११२९ च्या त्रुआच्या परिषदेत त्यांची नियमावली ठरली. त्यात सरदारांना शिकारीची मनाई आहे. करमणुकीसाठी प्राणी मारायचे नाहीत. अपवाद एकच, सिंहाचा. नऊशे वर्षांपूर्वी एका लढाऊ संघानं हा भेद लिहून ठेवला होता : हौसेखातर शिकार वेगळी आणि माणसांवर येणाऱ्या श्वापदापासून राखण वेगळी. जागलीचं दुसरं वचन तिथून आलं. खाडीत जाऊन शिकार करायची नाही. गाळवा तटाच्या आत आला तरच.

एक काळजी मात्र वाटते. तट वाटून दिला की वाटण्यांमध्ये सांधे तयार होतात, आणि सांधा कोणाच्याच वाटणीचा नसतो. याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

१४ जुलै

भरती आणि बढती. रोमच्या व्हिगिलेस दलाची मदत झाली. सम्राट ऑगस्टसनं इ.स. ६ मध्ये हे रात्रीच्या गस्तीचं आणि आग विझवायचं दल उभं केलं. सात तुकड्या, शहराचे चौदा विभाग, एका तुकडीकडे दोन. भरती झाली ती प्रामुख्यानं गुलामीतून सुटलेल्या माणसांची, आणि पुढे ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर त्यांना पूर्ण नागरिकत्व मिळू लागलं. ज्यांना शहरात पुरती जागा नाही तेच रात्री शहर राखतात, ही गोष्ट खारवेसला शोभते. गाळात राबणारी, तटाबाहेर राहणारी माणसं जागलीत येतात आणि सात वर्षांनी त्यांना तटाच्या आत घर मिळतं.

उलट बाजूचा धडा जॅनिसरींचा. एके काळी ऑटोमन सैन्यातलं सगळ्यात शिस्तीचं पायदळ. पुढे पद बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं, धंदे सुरू झाले, सुलतानांना उतरवण्यापर्यंत मजल गेली आणि १८२६ मध्ये दुसऱ्या महमूदनं तोफा लावून ते दल संपवलं. जागल्याच्या मुलाला बापाच्या ठाण्यात जागा नाही. हवी तर दुसऱ्या ठाण्यात, आणि तीही नाल्याकाठचं वर्ष काढूनच.

२१ जुलै

पहिला चाचणी खेळ. मी सूत्रधार, म्हणजे गोष्ट चालवणारी, खेळायला धाकटा भाऊ आणि तीन मित्रमैत्रिणी. चौघं तिसऱ्या ठाण्याचे जागले.

पहिल्या तीन रात्री काही आलं नाही. मी नियमाप्रमाणे फासे टाकत होते आणि फासे सांगत होते की काही येत नाही. चौथ्या रात्री भाऊ म्हणाला, “ताई, आम्ही नुसते उभेच आहोत गं.” मी गप्प राहिले. मग त्यांनी आपापसांत ठरवलं आणि होडी घेऊन खाडीत गेले. दुसरं वचन त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, तरी गेले. गाळवा सापडला, भावाच्या जागल्यानं भाला मारला, तो खांद्याला लागला आणि गाळवा बुडी मारून गेला. टेबलावर जल्लोष झाला.

खेळातल्या दोन महिन्यांनंतरची अमावास्या. नाल्यातून एक गाळवा आला आणि पाणी भरायला आलेल्या पोरीला घेऊन गेला. माग काढताना त्यांना गाळात ठसे दिसले : एका बाजूचा पाय ओढत टाकलेला. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मैत्रीण हळू आवाजात म्हणाली, “म्हणजे हा आपलाच?” भाऊ फासे हातात धरून बसला होता. त्यानं ते टाकलेच नाहीत.

त्या एका प्रश्नासाठी मी फेब्रुवारीपासून हे लिहीत होते, असं रात्री झोपताना वाटलं.

२२ जुलै

तरी भावाची तक्रार खरी आहे. रिकाम्या रात्री खेळायला कंटाळवाण्या आहेत, आणि जागलीचं नव्वद टक्के आयुष्य रिकाम्या रात्रींचं आहे. तो भाग मी गाळणार नाही. त्याला खेळण्याजोगं करणं हे माझं काम.

नवा नियम ‘जाग’. दर प्रहराला दोन फासे. बेरीज ९ आली की त्या जागल्याला डुलकी लागली. ही शक्यता ३६ पैकी ४, म्हणजे नवात एक. ऐकायला किरकोळ वाटते. पण रात्रीचे चार प्रहर जोडले तर एकदा तरी डोळा लागण्याची शक्यता ३८ टक्क्यांच्या आसपास जाते. आता एकाच्या जागी दोघं पहाऱ्यावर ठेवले आणि दोघंही एकाच प्रहरी झोपले तरच नाका उघडा पडतो असं धरलं, तर तीच शक्यता रात्रभरात ५ टक्क्यांच्या खाली येते. पहारा जोडीनं का करायचा, हे आता नियमात लिहून सांगायची गरज नाही. फासेच शिकवतील. जोडीदाराला जागं ठेवण्यासाठी काय करायचं ते खेळणाऱ्यानं बोलून दाखवायचं : गाणं, भांडण, आठवण, काहीही. ते पटलं की फासा पुन्हा टाकायला मिळतो.

यातून रिकाम्या रात्री माणसं एकमेकांशी बोलतील, आणि मग एखाद्या रात्री गाळवा आला तर कोणाचं काय जाणार आहे ते टेबलावर सगळ्यांना माहीत असेल.

४ ऑगस्ट

दोन आठवडे फारसं काम नाही. नाल्यांचा नकाशा तीनदा काढला, तिन्ही वेळा पाणी चढाकडे वाहत होतं.

११ ऑगस्ट

दुसरा चाचणी खेळ, तेच चौघं. आज मारी-जान व्हालेचा दिवस, म्हणून खेळाच्या सुरुवातीला तिची हकिकत सांगितली. भाऊ म्हणाला, “ओढ्यात उभी राहून?” आणि आपल्या जागल्याचं कातडी चिलखत यादीतून काढून टाकलं, पाण्यात जड होईल म्हणून.

‘जाग’ चालला. अपेक्षेपेक्षा फार चांगला चालला. दुसऱ्या रात्री तिसऱ्या प्रहरी मैत्रिणीनं जोडीदाराला जागं ठेवायला आपल्या जागलीच्या मेलेल्या भावाची गोष्ट रचून सांगितली, आणि ती संपेपर्यंत आम्ही फासे विसरलो होतो.

मग सांध्याची भीती खरी ठरली. गाळवा तिसऱ्या आणि चौथ्या ठाण्याच्या मधून आला. तिसरं ठाणं म्हणालं ती जागा चौथ्याची, चौथं म्हणालं तिसऱ्याची. चौथ्या ठाण्याचा मुख्य मीच बोलत होते आणि मलाही मनापासून तसंच वाटत होतं. गाळवा पहिल्या गल्लीत पोहोचला तेव्हा कुठे घंटा वाजली. दोन जागले गेले. तिसऱ्यानं पहिली झेप चुकवली, दुसरी चुकवली, तो दमेपर्यंत गल्लीच्या तोंडाशी नुसता उभा राहिला, आणि मग एकच घाव घातला. पुरा.

खेळ संपल्यावर चौघांनी मिळून एक नियम रचला आणि मला लिहून घ्यायला लावला : दर प्रहराला एका जागल्यानं सांधा ओलांडून शेजारच्या ठाण्याच्या घंटेला हात लावून यायचं. तिथल्या पहारेकऱ्यानं त्याचं नाव पुकारायचं. याला त्यांनी ‘सांधेगस्त’ म्हटलं. पुस्तकात शब्द न बदलता घालतेय.

१८ ऑगस्ट

सप्टेंबरच्या मोठ्या उधाणाचं प्रकरण लिहिलं. तटाचा एक भाग पाण्यानं खचतो, पुढच्या अमावास्येला एक महिना हातात आहे आणि ४२ माणसांना तो बांधणं शक्य नाही. कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये ४४७ च्या भूकंपात तटाचे ५७ बुरूज पडले होते आणि अटिलाच्या हूणांची धास्ती होती. रथांच्या शर्यतीत एकमेकांचे हाडवैरी असलेल्या गटांची माणसं कामाला जुंपली गेली आणि दोन महिन्यांत तट उभा राहिला. माझ्या प्रकरणातही खेळणाऱ्यांना शिकार करायची नाही. घरोघरी जाऊन माणसं उठवायची आहेत. ज्या घरातली पोरगी गेली, त्या घरासमोरही उभं राहायचं आहे.

गावकऱ्यांच्या प्रत्येक गटाला एक कारण दिलंय, तट बांधायला न येण्याचं. सगळी कारणं रास्त आहेत. कोणालाही मूर्ख किंवा डरपोक केलेलं नाही.

१ सप्टेंबर

तिसरी चाचणी माझ्याशिवाय झाली. मैत्रिणीनं सूत्रधार व्हायचं मान्य केलं, खेळणारे सगळे नवे, मी घरात दुसऱ्या खोलीत. फक्त लिखित नियमांवर खेळ उभा राहतो का, एवढंच पाहायचं होतं.

तिनं लिहून दिलेली निरीक्षणं : ‘जाग’ सगळ्यांना लगेच समजला. भरतीचं कोष्टक समजायला वेळ लागला, त्यात अष्टमीच्या रात्री वेगळ्या रंगात हव्यात. साठ वर्षांच्या रिकाम्या काळाबद्दल नव्यांपैकी दोघांनी बरेच प्रश्न विचारले. एकाला त्या काळातल्याच जागल्याचं पात्र हवं होतं. ते मला सुचलंच नव्हतं. त्यासाठी वेगळं प्रकरण लागेल : आयुष्यभर जागूनही गाळवा न पाहिलेल्या माणसानं शिष्याला काय शिकवायचं, आणि ते खरं की ऐकीव हे त्याला कसं कळणार.

खाडीत होडी घेऊन जायचं का, यावर याही टेबलावर वाद झाला. तीन विरुद्ध एक. गेले नाहीत.

बाकी काम : जखमी जागल्यांच्या शुश्रूषेची दोन पानं. हॉस्पिटलर संघाचा उगमच रुग्णसेवेत होता, आणि मी सहाव्या ठाण्यातली ती खोली नकाशावर नुसती रिकामी चौकट काढून ठेवली आहे. चौथ्या ठाण्याखालच्या नाल्याची जाळी कोणत्या बाजूला उघडते तेही ठरायचंय. आतल्या बाजूला उघडली तर ओहोटीला कचरा अडकेल, बाहेर उघडली तर उधाणाचं पाणी ती दाबून धरील. बहुधा बाहेर. उद्या नकाशावर पाण्याची पातळी टाकून बघते.